गाठ आहे म्हणून पिशवी काढायलाच हवी का?

"पिशवीला गाठ आहे, काढून टाका" हे वाक्य आपल्याकडे दाढ काढावी इतक्या सहज बोलले जाते. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंची गाठ. पस्तिशी-चाळिशीत ती अनेकींना असते आणि कित्येकींना तिचा काही त्रासही नसतो. ती कर्करोगाची निघण्याची शक्यता फार कमी. मग इतकी घाई कशासाठी?

आपल्या भागात बोरगाव म्हटले की निपाणीजवळचे आठवते. माझ्या अक्काचे सासर मात्र मध्य प्रदेशातल्या बोरगावचे, सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्र्यांच्या मुलखातले. आपल्याकडे मराठीला कन्नडची सोबत, तिथे हिंदीची. अडतिसाव्या वर्षी पाळीत तिच्या अंगावर फार जाऊ लागले, हिमोग्लोबिन ७ वर आले. तिथल्या एका डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "एक पोरगी झाली, आता पिशवीचं काय काम?" अक्काला दुसरे मूल हवे होते. मग आम्ही दोघी नागपूरला गेलो. तिथे समजलेले आणि नंतर वाचलेले इथे देते.

पहिला मार्ग औषधांचा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्तस्राव कमी होतो. गाठ तशीच राहते. तांबीसारखे बसवायचे, हार्मोन सोडणारे साधनही रक्तस्राव आटोक्यात ठेवते आणि काही वर्षे टिकते. पण गाठीने आतली पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर ते निसटू शकते. हार्मोनच्या इंजेक्शनांनी गाठ आक्रसते, ती थांबवली की पुन्हा वाढते. म्हणून ती बहुधा शस्त्रक्रियेआधी काही महिने देतात.

दुसरा मार्ग मायोमेक्टॉमीचा, म्हणजे फक्त गाठ काढून पिशवी शिवण्याचा. गाठ पोकळीत असेल तर खालून दुर्बीण घालून, पोटाला टाका न घालता काढता येते. भिंतीतली किंवा बाहेरची गाठ पोटातून, दुर्बिणीने वा पोट उघडून काढतात. मूल हवे असणाऱ्यांसाठी बहुधा हाच मार्ग. पण नव्या गाठी येऊ शकतात, आणि पुढच्या बाळंतपणात सिझेरियन लागण्याची शक्यता वाढते.

तिसरा एम्बोलायझेशनचा. जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. पोट फाडावे लागत नाही. सुरुवातीचे काही दिवस पोटात चांगलेच दुखते, मग गाठ हळूहळू आक्रसते. पुढे मूल हवे असेल तर सहसा हा पहिला सल्ला नसतो. चौथा मार्ग ध्वनिलहरींच्या उष्णतेने गाठ जाळण्याचा. तो मोजक्याच ठिकाणी होतो आणि सगळ्या गाठींना चालत नाही.

पिशवी काढणे नेहमी चूकच, असे मुळीच नाही. गाठी खूप आणि मोठ्या असतील, कर्करोगाची शंका असेल किंवा बाकी उपाय हरले असतील, तर तीच शस्त्रक्रिया सुटका करते. पण ती बाईने समजून निवडावी. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे साधारण सहांत एक. कर्नाटकात कलबुर्गीकडच्या लमाणी बायकांच्या शस्त्रक्रियांवरूनही असेच वादळ उठले होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास राज्यांना सांगितले.

पिशवी काढली की पाळी जाते एवढेच होत नाही. बीजकोष ठेवले तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. तेही काढले तर ती लगेच येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. शेतात राबणाऱ्या बाईला हे परवडणारे नाही.

अक्काची गाठ भिंतीत होती, एकच, सहा सेंटिमीटरची. आधी लोहाची इंजेक्शने देऊन रक्त वाढवले, मग दुर्बिणीने गाठ काढली. दोन वर्षांनी सोनोग्राफीत एक छोटी गाठ पुन्हा दिसली. त्रास नाही, म्हणून सध्या ती फक्त लक्ष ठेवते. दुसरे मूल झालेले नाही. पण ते व्हावे की नाही, हा प्रश्न अजून तिच्या हातात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, सोनोग्राफीचा कागद हाती आला की चार गोष्टी विचारा: गाठ नेमकी कुठे आहे, किती मोठी आहे, आत्ताच काही करायला हवे का, आणि पिशवी ठेवून काय करता येईल? उत्तर पटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवा. रक्तस्राव जिवावर बेतलेला नसेल, तर महिनाभर विचार करायला सहसा हरकत नसते.