राखणीच्या पिलाचा उन्हाळ्यांतील व्यायाम

वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्यास बैलाइतकीच कुत्र्याचीही गरज असते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु बैलास औतास केव्हां जुंपावें व केव्हां सोडावें याचा जितका विचार आपण करितों, त्याचा दहावा हिस्साही कुत्र्याच्या पिलासंबंधानें करीत नाहीं. आपल्याकडे पुष्कळ पिलें मार्गशीर्ष-पौषांत जन्मतात. तीं चैत्रांत तीन-चार महिन्यांचीं होतात, आणि नेमका तोच काळ त्यांस वळण लावण्याचा व उन्हाचा कडाका वाढण्याचा असतो. मग पिलूं चालत नाहीं, बसकण मारतें, ओढलें तरी उठत नाहीं, अशी तक्रार सुरू होते.

या बाबतींत आमच्या हातून एक मोठी चूक घडली, ती येथें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. चार महिन्यांचें एक कारवानी पिलूं आम्हीं राखणीसाठीं आणलें होतें. सकाळचीं कामें उरकून दहाच्या सुमारास त्याला साखळीनें विहिरीपासून खालच्या रानापर्यंत न्यावयाचें, असा आमचा परिपाठ होता. चैत्र संपत आला तसें तें निम्म्या वाटेवर, बांधावरच्या निंबाखालीं बसूं लागलें. हें आळशी आहे, याची खोड आतांच मोडली पाहिजे, असें मानून आम्ही त्याला ओढीत नेऊं लागलों. एके दिवशीं निंब सोडून शंभरएक पावलें गेल्यावर त्याचे मागचे पाय लटपटले, चिकट लाळ तोंडावरून लोंबूं लागली व तें कोसळलें. विहिरीजवळची डोण भरलेली होती आणि गड्यानें धावत जाऊन त्याला तींत, डोकें वर धरून, बसविलें, म्हणून तें वांचलें. परंतु त्यानंतर साखळीचा आवाज ऐकला कीं तें गोठ्याच्या कोपऱ्यांत शिरूं लागलें. ती भीति जाण्यास दोन महिने लागले. निंबाखालीं बसणारें तें पिलूं आळशी नव्हतें. त्या वाटेवर शहाणें काय तें तेवढेंच होतें.

याचें कारण असें कीं, कुत्र्यास माणसाप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं. घामाचा उपयोग त्याला पावलांच्या गाद्यांपुरताच, आणि तोही अल्प. जीभ बाहेर काढून तें धापा टाकतें तेव्हां जीभ, तोंड व नाक यांतील ओलावा हवेंत उडून जातो, व त्याबरोबर अंगांतील उष्णता बाहेर पडते. माठांतील पाणी निवतें तें याच रीतीनें. दमट हवेंत माठाचें पाणी नीट गार होत नाहीं, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे; तद्वत् कोंकणांत पारा देशावरच्यापेक्षां खालीं असला तरी कुत्र्यास धापेचा लाभ कमी मिळतो. त्यांतून पिलाचें पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, म्हणजे वरून ऊन व खालून तापल्या मातीची धग, अशा दोहोंमध्यें तें सांपडतें. आपण वहाणा घालून चालतों, म्हणून ही धग आपणांस कळत नाहीं. ती कळावयाची असेल तर हाताची पालथी बाजू जमिनीस लावून सावकाश सात अंक मोजावे. हात मागें घ्यावासा वाटला तर त्या वाटेनें पिलास नेऊं नये. डांबरी सडकेवर तर ही परीक्षा केल्यावांचून जाऊंच नये. कित्येक लोक उन्हाळ्यांत कुत्र्याचे केस मुळापासून भादरतात, तेंही बरें नव्हे. केसांमुळें कातडीचें उन्हापासून रक्षण होतें.

आतां नाखुषीचें प्रत्येक कारण ऊन हेंच असतें असें नाहीं. तें ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पहांटे गारव्यांत पिलूं खेळतें, बागडतें आणि ऊन चढल्यावर बसतें, तर कारण ऊन होय. परंतु पहांटेसही तें मलूल असेल तर त्याला बाहेर नेण्याचा आग्रह सोडून प्रथम त्याचें अंग तपासावें. बोटांच्या बेचक्यांत सराटा किंवा बाभळीचा कांटा रुतलेला असतो. कानांत व मानेखालीं गोचिडी असतात. गोचिडीपासून कुत्र्यांस ताप येतो व रक्त कमी होतें. हिरड्या गुलाबी न दिसतां पांढुरक्या दिसल्या तर विलंब न करितां पशुवैद्यास दाखवावें. पट्टा फार आवळलेला नाहीं ना, हेंही पाहावें. पिलूं वाढतें व पट्टा तोच राहतो.

व्यायामाची उत्तम वेळ म्हणजे सूर्योदयापूर्वींची. संध्याकाळची वेळ पुष्कळांस सोयीची वाटते. परंतु काळी जमीन, दगडी ताली व सडका सूर्यास्तानंतरही बराच वेळ धग सोडीत असतात, हें ध्यानांत ठेवावें. किती चालवावें? वयाच्या दर महिन्यास पांच मिनिटें, असा एक ठोकताळा सांगतात. त्यास शास्त्राचा भक्कम आधार नाहीं, पण अंदाजास ठीक आहे. मोटारसायकलीमागें पिलूं पळविण्याची जी नवी हौस निघाली आहे, ती मात्र सर्वथा त्याज्य होय. पिलाचीं हाडें टोंकांशीं अद्याप कोंवळीं असतात, आणि मोठ्या जातींत तीं पक्कीं होण्यास वर्ष-दीड वर्षही लागतें.

साखळीची संवय घरींच लावावी. प्रथम गळ्यांत हलकी दोरी बांधून ती अंगणांत तशीच ओढूं द्यावी. घर सोडण्यास पिलूं भितें, परंतु घराकडे परतावयास तें आपण होऊन निघतें. म्हणून त्याला उचलून थोडें दूर न्यावें व परतीची वाट तेवढी चालवावी. आमच्या पिलाची भीति गेली ती याच युक्तीनें. वाटेंत तें बसलें तर ओढूं नये. चार पावलें पुढें जाऊन, त्याच्याकडे पाठ करून उकिडवें बसावें. बहुधा तें येतेंच.

दिवसा त्याला छपराखालीं खेळवावें. शिळ्या भाकरीचे तुकडे कडब्यांत लपवून तें हुंगून शोधावयास लावलें तर पाव तासांत पिलूं दमून झोपीं जातें, आणि राखणीस लागणारें नाकही तयार होतें. मातीच्या परळांत पाणी सावलींत सदैव भरलेलें असावें. डिस्टेंपर व पार्व्हो यांच्या लसी दीड-दोन महिन्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, पिलूं चार महिन्यांचें होईपर्यंत टोंचावयाच्या असतात, व पिसाळरोगाची लस तिसऱ्या महिन्यांत. हें पुरें होईपर्यंत पिलास आपल्याच रानांत फिरवावें. गांवच्या चावडीपुढें नेऊं नये.

एवढें करूनही उष्माघात झालाच, तर वेळ दवडतां कामा नये. कुत्र्याचें अंग निरोगी स्थितींत १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें; तें १०६ च्या वर गेलें कीं जीव धोक्यांत येतो. थांबतां न थांबणारी धाप, लालभडक हिरड्या, वांति, झोकांड्या, हीं लक्षणें होत. आधीं अंग निववावें, मग दवाखान्याची वाट धरावी. सावलींत नेऊन सर्वांगावर पाणी ओतीत राहावें व वारा घालावा. थंड पाण्यानें अपाय होतो, हें जुनें मत आतां पशुवैद्यक मानीत नाहीं. ओलें गोणपाट अंगावर टाकून ठेवूं नये. त्यानें उष्णता कोंडते. शुद्ध नसेल तर तोंडांत पाणी ओतूं नये. आणि उन्हावर उतार म्हणून आपण माणसास कांदा देतों, तो कुत्र्यास कदापि देऊं नये. कांद्यानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात.

पिलूं उठून उभें राहिलें तरी त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. कारण मूत्रपिंडें व रक्त गोठण्याची क्रिया बिघडून तें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशींही दगावूं शकतें. आमच्या पिलास आम्हीं शेजाऱ्याच्या उघड्या टेंपोंतून, वाटेंत अंगावर पाणी शिंपडीत, तालुक्याच्या गांवीं नेलें. तेथें त्याला सलाईन लावलें, व लघवी होते कीं नाहीं आणि तींत रक्त उतरतें कीं काय, हें तीन दिवस पाहावयास सांगितलें.