सजातीय चलांचे आवर्तन आणि रिक्त रकाने

सर्वेक्षणाच्या सामग्रीवर काम करणाऱ्यास एकाच जातीची अनेक चले वारंवार हाताळावी लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हे याचे उत्तम उदाहरण होय. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या या सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. त्यांच्या फाइलीत प्रत्येक स्त्रीस एकच ओळ असून तिच्या सर्व अपत्यांची माहिती त्याच ओळीत आडवी मांडलेली असते. अपत्य दगावले असल्यास मृत्युसमयीचे वय, पूर्ण महिन्यांत, 'बी७' या चलात नोंदवितात. परंतु हे चल एक नसून वीस आहेत, बी७_०१ पासून बी७_२० पर्यंत. त्यांपैकी ०१ हा क्रमांक सर्वांत अलीकडच्या अपत्याचा.

वीस चलांसाठी एकच आज्ञा वीसदा उतरून काढणे अशक्य नाही. पण चौदाव्या ओळीत क्रमांक बदलावयाचा राहून गेला तर ते कोणाच्या ध्यानात यावयाचे? यावरील उपाय म्हणजे आवर्तन, म्हणजेच संगणकाच्या परिभाषेतील 'लूप'. 'स्टेटा'मध्ये त्यासाठी 'फॉरव्हॅल्यूज', 'सॅस'मध्ये 'ॲरे'च्या जोडीने 'डू', 'एसपीएसएस'मध्ये 'डू रिपीट', तर 'आर'मध्ये 'फॉर' ही सोय आहे. तत्त्व सर्वत्र एकच : आज्ञा एकदाच लिहावयाची आणि नावातील बदलणाऱ्या अंकाच्या जागी एक चिन्ह ठेवावयाचे. गणना १, २, ३ अशी चालते आणि चलांची नावे ०१, ०२, ०३ अशी असतात, म्हणून पहिल्या नऊ अंकांपूर्वी शून्य बसविण्याची तजवीज करावी लागते. ती केली नाही तर काम पहिल्याच फेरीत अडते. ही चूक निरुपद्रवीच म्हणावयाची, कारण ती स्वतःच आपला पत्ता सांगते.

खरा धोका न अडणाऱ्या आवर्तनात आहे. अर्भकमृत्यू मोजण्यासाठी 'बी७ हे १२ हून कमी असल्यास १, अन्यथा ०' अशी आज्ञा वीस चलांवर फिरविली असे समजू. बी७ रिक्त असण्याची कारणे दोन : अपत्य हयात आहे, किंवा त्या क्रमांकाचे अपत्य झालेच नाही. आवर्तनास हा भेद ठाऊक नसतो. शिवाय रिक्त मूल्याचा अर्थ प्रत्येक आज्ञाप्रणाली आपापल्या परीने लावते. स्टेटा त्यास कोणत्याही संख्येहून मोठे मानते, सॅस सर्वांत लहान मानते, आणि आर तुलनेचे उत्तरच रिक्त देते.

तीन अपत्ये झालेली एक स्त्री घ्यावी. एक अपत्य चौथ्या महिन्यात दगावले, दोन हयात आहेत. खरे प्रमाण ३ पैकी १. वरील आज्ञेने स्टेटात ते २० पैकी १ येते, कारण न जन्मलेली सतरा अपत्ये हयातांत जमा होतात. सॅसमध्ये २० पैकी २० मृत ठरतात. आरमध्ये रिक्त उत्तरे वगळून सरासरी काढल्यास १ पैकी १ उरते. हयात मुलेच हिशेबातून गळतात. सॅसचे उत्तर इतके विपरीत आहे की कोणीही थबकेल. स्टेटाचे मात्र दिसावयास सोज्ज्वळ, आणि म्हणूनच अधिक घातक. पाचव्या फेरीच्या संपूर्ण फाइलीवर त्याचा छेद १,४४,८२,३०० होईल.

म्हणून आवर्तनाच्या आत पहिली अट 'बी५' या चलाची घालावी. ते प्रत्येक झालेल्या अपत्यासाठी भरलेले असते (हयात १, मृत ०) आणि अपत्य नसल्यास रिक्त असते. बी५ रिक्त तेथे उत्तरही रिक्त, बी५ १ तेथे ०, आणि बी५ ० असेल तेथेच बी७ पाहावे. यानंतर भरलेल्या उत्तरांची एकूण संख्या 'व्ही२०१' म्हणजे स्त्रीस झालेली एकूण अपत्ये, या चलाच्या बेरजेशी ताडून घ्यावी. दोहोंत एकाचाही फरक असता कामा नये. मुलाखतीपूर्वीच्या बारा महिन्यांत जन्मलेली अपत्ये वर्षभराच्या जोखमीतून अद्याप गेलेली नसल्याने वगळावी लागतात. पण ती हा ताळा जमल्यावर, आधी नव्हे.

आवर्तनात अशा अटी वाढू लागल्या की तक्ता उभा करून घेणे, म्हणजे प्रत्येक अपत्यास स्वतंत्र ओळ देणे, अधिक सोयीचे. या सर्वेक्षणाची जन्मांची वेगळी फाइल त्याच स्वरूपात मिळते. तीत न जन्मलेल्या अपत्यांचे रकाने मुळातच नसतात. हयात अपत्याचे बी७ मात्र तेथेही रिक्तच असते.