लोकर आपोआप गळणारी मेंढी : बाहेरचा मेंढा आणण्याआधी हे वाचा

पुणे : कातरणीची मजुरी निघत नाही, लोकरीला गिऱ्हाईक नाही. मग बिनलोकरीचा किंवा आपोआप लोकर गळणारा मेंढा कळपात सोडावा का, हा प्रश्न आज अनेक मेंढपाळांपुढे आहे. पैसा आता मटणाचा. पुण्याच्या कसबा पेठेत मटण घेणारं गिऱ्हाईक मेंढीची लोकर कशी होती ते विचारत नाही. पण लोकरीचा गुण रक्तातून उतरतो. एकदा कळपातून गेला की परत आणायला पिढ्या लागतात.

लोकर आली कुठून?

रानमेंढीच्या अंगावर वरून राठ केस आणि खाली थोडी मऊ लोकर असते. थंडी सरली की ती झडते. माणसाने मेंढी पाळली ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. पुढे ज्यांची लोकर जास्त आणि न झडणारी, अशी जनावरं निवडत गेला. फ्रान्समधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की केसाळ आणि लोकरी मेंढीतला मोठा फरक एका जनुकात घुसलेल्या तुकड्याशी जोडलेला आहे. जनुक म्हणजे आई-बापाकडून आलेली गुणांची सूचना.

तीन गोष्टी वेगळ्या

१) लोकर मुळातच नावापुरती : जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी अशी आहे. अंगावर आखूड केस, कातरायला फारसं काही नाही.

२) लोकर येते आणि दरवर्षी गळते : इंग्लंडची विल्टशायर हॉर्न, दक्षिण आफ्रिकेची डॉर्पर. ब्रिटनमधील अभ्यासात हा गुण बराचसा एका प्रभावी जनुकासारखा उतरताना दिसला, पण सगळ्या पिल्लांत सारखा नाही. कुणाची पूर्ण गळते, कुणाच्या पाठीवर राहते.

३) आजाराने गळते : ताप, उपासमार, खरूज यानेही लोकर जाते. हा गुण नव्हे, दुखणं आहे. अशा मेंढ्याची पिल्लं गळणारी निघत नाहीत.

हिशेब आण्यांचा

पिल्लाला निम्मा वाटा बापाचा, निम्मा आईचा. दख्खनी मेंढीला बाहेरचा मेंढा दिला तर पिल्लात दख्खनी रक्त रुपयात आठ आणे. त्या मादीला पुन्हा बाहेरचाच दिला तर चार आणे, तिसऱ्या पिढीत दोन आणे. लोकर कमी होईलही, पण दुष्काळात तग धरणं, मैलोनमैल चालणं, हे दख्खनीचे गुणही त्याच हिशेबाने पातळ होतात.

पूर्वी सरकारी फार्मवर मेरिनो, रॅम्बुले या विदेशी जातींशी संकर करून बारीक लोकर आणायचा प्रयत्न झाला. रानोमाळ फिरणाऱ्या कळपात तो रुजला नाही. उलट फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोल मेंढीतलं जुळ्यांचं एकच जनुक दख्खनीत आणलं. रक्त तपासून ते जनुक असलेलीच जनावरं पुढे ठेवली आणि अंगाने पुन्हा दख्खनीकडे वळवली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. धडा असा, की हवा तो एक गुण घ्यावा, सगळी जात बदलू नये.

घोंगडीचं काय?

दख्खनीची काळी, राठ लोकर गिरणीला नको असते, पण घोंगडीला तीच लागते. रंग द्यावा लागत नाही, चिंचोक्याची खळ दिली की घोंगडी टिकते. गळलेली लोकर काट्याकुट्यात जाते, सूत काढायला हाती लागत नाही.

मेंढा घेताना

- लोकर गळत असेल तर कातडी बघा. खपली, खाज, जखम असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.
- गळणं साधारण मान आणि पोटाकडून सुरू होतं, पाठ शेवटी. एकाच जागी चकंदळ पडलं असेल तर संशय घ्या.
- मेंढ्याची आई आणि भावंडं बघा. एकट्या मेंढ्यावरून ठरवू नका.
- सगळा कळप एकदम बदलू नका. थोड्या मेंढ्यांवर करून पाहा, पिल्लं वर्षाची झाल्यावर मोजा.
- चांगल्या दख्खनी मेंढ्या आणि एक दख्खनी मेंढा वेगळा राखा.

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा पुण्यातील गोखलेनगरच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे आधी चौकशी करावी. मेंढा बदलायला एक दिवस पुरतो, कळप पूर्ववत करायला पिढ्या लागतात.