जशी वाट, तसा टायर

सायकल तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. नवी सायकल घेताना आपण रंग पाहतो, घंटी वाजवून पाहतो, ब्रेक दाबून पाहतो. टायरकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. पण जरा विचार करा. धावणारी सायकल जमिनीला फक्त दोन ठिकाणी टेकलेली असते. ती जागा आपल्या तळहाताहूनही लहान असते. आपला सारा तोल तेवढ्याशा रबरावर अवलंबून असतो.

जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनवला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात काही तरुणांनी डोंगरउतारावर सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. त्यांच्या सायकली जुन्या आणि जड होत्या, पण टायर जाड होते. उतार इतका मोठा होता, की ब्रेकमधील ग्रीस तापून जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीला ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, हे नाव पडले. डोंगरी सायकलींचा खेळ असा वाढला. १९९६ साली तो ऑलिंपिकमध्येही आला.

डोंगरी सायकलीच्या टायरवर रबराचे दाते असतात. ते सगळीकडे सारखे नसतात. वाट कोरडी व घट्ट असेल, तर आखूड आणि जवळजवळ असलेले दाते चांगले. त्यांच्यामुळे चाक हलके पळते. वाटेवर सुटी माती व खडी असेल, तर टायर रुंद हवा आणि त्याच्या कडेचे दाते मजबूत हवेत. कारण वळताना सायकल कलते, तेव्हा हेच दाते जमीन धरून ठेवतात. चिखलात दाते उंच व दूरदूर हवेत. दाते जवळ असले, तर त्यांच्यामध्ये चिखल भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि चाक घसरते. खडकाळ वाटेवर टायरच्या बाजू जाड असाव्या लागतात. नाही तर धारदार दगड त्या फाडून टाकतात.

दोन्ही टायर सारखेच असावेत असे नाही. मागचे चाक थोडे घसरले, तरी बहुतेक वेळा सावरता येते. पुढचे चाक घसरले, तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून अधिक पकड असलेला टायर पुढे लावतात.

हवेचेही तसेच आहे. हवा फार भरली, तर चाक दगडांवर उडते आणि पकड कमी होते. हवा फार कमी असली, तर दगड व रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते. मग तिला साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. किती हवा भरावी, हे टायरच्या बाजूवर छापलेले असते. ती मर्यादा कधीही ओलांडू नये.

डोंगरातल्या वाटेवर दवाखाना जवळ नसतो. म्हणून निघण्यापूर्वी वाट कशी आहे ते विचारा, टायर हाताने दाबून पाहा, झिजलेले दाते तपासा. ही दोन मिनिटे वाया जात नाहीत. त्यांच्यामुळेच आपण सुखरूप घरी परततो.