शिर्डीच्या मूर्तीचा शिल्पकार

शिर्डीस जाऊन मूर्तीपुढे हात जोडणारे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. ती घडविणाऱ्या बाळाजी वसंत तालीम यांचे नाव थोड्यांनाच ठाऊक. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. साईबाबांनी १९१८ साली देह ठेवला आणि मूर्तीची स्थापना १९५४ च्या विजयादशमीस झाली. तालीम यांना आधार होता तो कृष्णधवल छायाचित्राचा. छायाचित्र एकच बाजू दाखविते. फडके बांधलेल्या मस्तकाची मागील बाजू, खांद्यांचा उतार, मांडीवर टाकलेल्या पायाचा भार, हे शिल्पकाराने अनुमानानेच उभे करावयाचे! शिवाय इटालियन संगमरवरात छिन्नी अधिक खोल गेली, तर गेलेला दगड परत येत नाही. आज घरोघरी बाबांचे जे रूप दिसते, त्यातले पुष्कळसे याच मूर्तीवरून घेतलेले आहे. देवापुढे कलावंताने नाव मागू नये, हे खरे. आपण ते विसरू नये, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.