विश्लेषण : गोव्यात घडलेल्या ‘जी. आय. जो’ला जगभर मागणी का? जुनी खेळणी रंगवावीत की जपावीत?

माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात पडलेला चार बोटे उंचीचा प्लॅस्टिकचा सैनिक. एक अंगठा तुटलेला, कंबर सैल झालेली, बंदूक कधीच हरवलेली. दिवाळीच्या साफसफाईत असा डबा सहसा भंगारवाल्याच्या हातगाड्यावर जातो. मात्र त्या सैनिकाच्या अंगावर फनस्कूलची खूण असेल, तर त्याला विचारणारे लोक अमेरिकेतही सापडतात. अॅक्शन फिगर जमवणारे आणि त्या उघडून, रंगवून, नवे रूप देणारे ‘कस्टमायझर’ यांचे एक वेगळेच जग आहे. त्या जगात भारताचे, त्यातही गोव्याचे नाव आदराने घेतले जाते. हे कसे घडले?

‘अॅक्शन फिगर’ म्हणजे नेमके काय?

सरळ सांगायचे तर बाहुला. पण मुलगे बाहुली खेळणार नाहीत, या भीतीने अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाजारात आणताना ‘डॉल’ हा शब्द टाळला आणि ‘अॅक्शन फिगर’ हे नाव रूढ केले. तो जो बारा इंची होता. पुढे १९७८ मध्ये केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ची पावणेचार इंची खेळणी आणली. आकार लहान असल्याने प्लॅस्टिक कमी लागे आणि सोबत गाड्या, विमानेही विकता येत. १९८२ मध्ये हॅस्ब्रोने जी. आय. जोलाही त्याच मापात आणले. आज संग्राहक ज्याच्यामागे धावतात, तो मुख्यतः हा छोटा जो.

गोव्याचा संबंध कुठे आला?

टायर बनवणारी एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी सुरू केली. तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. हॅस्ब्रोचे पोलादी साचे परदेशांतील सहयोगी कंपन्यांकडे जात आणि तेथे त्यांच्यातून स्थानिक बाजारासाठी खेळणी निघत. ब्राझीलमध्ये हे काम एस्ट्रेला करत असे, भारतात फनस्कूल.

साचा तोच असला तरी खेळणे तेच राहिले नाही. अमेरिकेत हिरवा असलेला सैनिक इथे भलत्याच रंगात अवतरला. एकाचे डोके आणि दुसऱ्याचे हात एकत्र आले. एकाच बाहुल्याच्या दोन प्रतींत रंगाच्या छटा वेगळ्या निघाल्या. कोणाची मिशी जरा सरकलेली, कोणाचे डोळे जरा तिरपे. त्या काळी दुकानात हा दोष वाटला असता. संग्राहकाला मात्र नेमका तोच हवा असतो, कारण तो दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

यात काळाचाही मोठा वाटा आहे. हॅस्ब्रोने १९९४ मध्ये ही मालिका थांबवली. फनस्कूलचे उत्पादन मात्र सुरूच राहिले. त्यामुळे इंटरनेट घरोघरी पोहोचू लागल्यावर अमेरिकेतील चाहत्यांना अचानक कळले, की आपल्या लहानपणीचा जो भारतात अजून नवा कोरा, पॅकबंद मिळतो. मग भारतातून खोकी जाऊ लागली. नंतर काही साचे हॅस्ब्रोकडे परत गेले. उरलेल्यांचे काय झाले, यावर संग्राहकांत आजही वाद रंगतात.

फक्त जीच नाही. मुंबईच्या ब्लो प्लास्टने (व्हीआयपीच्या सुटकेसवाल्या) मॅटेलसोबत ‘लिओ’ नावाने केलेले हि-मॅनचे बाहुलेही असेच शोधले जातात. दूरदर्शनवर हि-मॅन पाहून तलवार उगारणारी पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे आणि तिच्या खिशात पैसे आहेत. मागणीचे निम्मे कारण हेच.

कस्टमायझर नेमके काय करतात?

इथे जी. आय. जोची रचना समजून घेतली पाहिजे. पाठीत एक स्क्रू असतो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचा छोटा स्टार स्क्रूड्रायव्हर लावला की छाती-पाठ वेगळी होते. आत काळी रबरी रिंग दिसते. या ओ-रिंगने धातूचा एक आकडा आणि त्याला अडकलेले पाय वर ओढून धरलेले असतात. संपूर्ण शरीर एका स्क्रूवर आणि एका रबरावर उभे. म्हणूनच एकाचे हात दुसऱ्याला सहज बसतात आणि म्हणूनच हा छंद याच खेळण्याभोवती सर्वाधिक वाढला.

वीस-तीस वर्षांत ते रबर सुकते आणि तुटते. ‘कंबर तुटली’ म्हणून फेकून दिलेल्या बाहुल्यांत प्रत्यक्षात काही रुपयांची रिंग गेलेली असते. नळ, पंप, मोटार दुरुस्तीच्या दुकानात ओ-रिंग मिळतात. जुन्या तुकड्यावरून माप जुळवावे लागते, एवढेच. अंगठ्याला मात्र औषध नाही. कडक झालेल्या हातात बंदूक जबरदस्तीने खुपसली की अंगठा जातो. त्यामुळे जाणकार हात आधी कोमट पाण्यात धरून मऊ करतात.

नवे डोके किंवा चिलखत घडवायला इपॉक्सी पुट्टी वापरतात. आपल्याकडे एम-सीलवरही काम भागते. आता थ्रीडी प्रिंटरही आले. रंग अॅक्रिलिकचा, पातळ, दोन-तीन हातांत. सांध्यावर जाड थर दिला, तर पहिल्याच हालचालीत त्याचे पोपडे निघतात. दिवाळीच्या किल्ल्यावरचे गेल्या वर्षीचे मावळे काढून त्यांचे फेटे पुन्हा रंगवणाऱ्या, मोडलेल्या भाल्याच्या जागी काडी चिकटवणाऱ्या पोरांना यात नवे काही वाटणार नाही. नाव तेवढे इंग्रजी.

मग वाद कशाचा?

जपणारा आणि बदलणारा, दोघे एकाच टेबलाशी उभे असतात आणि दोघांना एकच बाहुला हवा असतो. मूळ रंग एकदा खरवडला, की फनस्कूलचा तो विशिष्ट तुकडा कायमचा गेला. तो पुन्हा बनणार नाही. यातून निघालेला व्यवहारी तोडगा असा, की अखंड बाहुला संग्राहकाचा आणि तुटका, रंग उडालेला, अर्धवट कस्टमायझरचा. तो पाळला जातोच असे नाही. पॅकबंद कार्ड फाडून आतला सैनिक रंगवणारा माणूस अजूनही भांडण ओढवून घेतो. ते रास्तही आहे.

हे लोक भेटतात कुठे?

अमेरिकेत जी. आय. जोचे स्वतंत्र संमेलनच भरत असे. हे ‘जोकॉन’ २०१८ मध्ये शेवटचे झाले. भारतात सर्वांत ओळखीची जागा म्हणजे कॉमिक कॉन. २०११ मध्ये दिल्ली हाटमध्ये ते पहिल्यांदा भरले आणि पुढे मुंबईसह अन्य शहरांत पोहोचले. तिथे गर्दी कॉस्च्युम घालून आलेल्यांची आणि नव्या परदेशी ब्रँडची असते. जुन्या खेळण्यांसाठी स्टॉल हुडकावे लागतात. घेताना पाठीचा स्क्रू झिजला आहे का, दोन्ही हातांच्या प्लॅस्टिकची छटा एक आहे का आणि अंगठे शाबूत आहेत का, एवढे पाहिले तरी फसवणूक बरीच टळते. नकली माल अनेकदा वजनाला हलका असतो आणि त्याचे सांधे कडेला खरखरीत असतात.

नांदूरघाटहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास. केज किंवा बीडहून रात्रीची गाडी धरून, तिकीट काढून एवढ्या लांब जाणे प्रत्येकाला जमणारे नाही. पण या छंदाचा कच्चा माल मुंबईच्या सभागृहात नसून अशाच गावांतल्या माळ्यांवर, जुन्या जनरल स्टोअरच्या मागच्या फळीवर आहे.

नव्या खेळण्यांचे काय?

परदेशातून मागवणे महागले आहे. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. स्वस्त, धोकादायक माल रोखण्यासाठी आणि देशी उद्योगासाठी ही पावले उचलली गेली. संग्राहकाचा बाहुला मात्र शोकेससाठी असतो. त्यामुळे खोक्यावरचे वय आणि कस्टममधले शुल्क हा त्याच्या रोजच्या चर्चेचा विषय झाला आहे. मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून शुल्कासह अंतिम किंमत लेखी घ्यावी. नाहीतर पार्सल दारात आल्यावर बाहुल्यापेक्षा शुल्काचीच चिंता अधिक.