आधी तारीख ठरवा, मग विक्रांत बांधा

दिवाळीत किल्ला केलायत ना? ठाण्यात, कल्याणला, डोंबिवलीत वाढलेल्या बहुतेकांनी एकदा तरी केलेला असतो. गोणपाट, माती, विटांचे तुकडे, वर आळीव पेरून आणलेली हिरवळ आणि सिंहासनावर महाराज. त्यामुळे 'स्केल मॉडेल' वगैरे शब्द ऐकून बिचकू नका. खरी वस्तू बघायची आणि हाताशी असेल त्यातून ती छोटी करायची, हे आपल्याला जमतं. फक्त किल्ल्याचा एखादा बुरूज इकडचा तिकडे झाला तर सोसायटीत कुणी काही बोलत नाही. युद्धनौकेचं तसं नसतं. अनुभवाने सांगतेय.

गेल्या सुट्टीत मी आणि डोंबिवलीचा माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून आयएनएस विक्रांत बांधायला घेतली. जुनी विक्रांत, 1971च्या युद्धातली. बघून करायला घरचाच एक फोटो होता. ताई शाळेच्या सहलीला विक्रांतवर गेली होती, तेव्हा जहाज मुंबईत संग्रहालय म्हणून उभं होतं. फोटोत ती डेकवर हसत उभी आहे आणि तिच्या मागे डेकचं पुढचं टोक घसरगुंडीसारखं वर गेलंय. तो चढ आम्ही मन लावून केला. चार वेळा कापला, पाचव्यांदा जमला. मग भावाच्या बिल्डिंगमधले एक काका बघायला आले. नौदलातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, त्या चढावर बोट ठेवलं आणि विचारलं, "एकाहत्तरची ना? मग हा चढ कुठून आला?"

आम्ही दोघं गप्प. मग वाचायला बसलो. खरं तर ते आधी करायला हवं होतं.

विक्रांतची गोष्ट दुसऱ्या महायुद्धात सुरू होते. 1943मध्ये ब्रिटनमधल्या न्यूकॅसलला 'हर्क्युलिस' या नावाने तिची बांधणी सुरू झाली. 1945च्या सप्टेंबरमध्ये ती पाण्यात उतरली, तोवर युद्धच संपलं होतं. मग बरीच वर्षं ती अर्धवट पडून राहिली. 1957मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला उरलेलं काम झालं आणि 4 मार्च 1961ला विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती 'विक्रांत' म्हणून आपल्या नौदलात आली. तेव्हा तिची नाळ, म्हणजे जहाजाचा पुढचा भाग, वरून एकदम सपाट होता. सी हॉक ही जेट विमानं आणि पाणबुड्या हुडकणारी अलिझे विमानं तिथून कॅटापुल्टने हवेत फेकली जायची. वाफेवर चालणारी अवाढव्य गलोलच म्हणा ना. डिसेंबर 1971मध्ये बंगालच्या उपसागरात होती ती हीच सपाट विक्रांत.

सी हॅरिअर विमानं आली 1980च्या दशकात. ती जागच्या जागी उतरू शकतात, त्यांना गलोल लागत नाही. पण उडताना पुढे चढ मिळाला तर जास्त वजन घेऊन उडता येतं. म्हणून त्या दशकाच्या शेवटी कॅटापुल्ट काढून टाकला आणि स्की-जम्प बसवला. 31 जानेवारी 1997ला विक्रांत निवृत्त झाली ती याच रूपात आणि संग्रहालय झाली तीही याच रूपात. म्हणजे ताईचा फोटो शंभर टक्के खरा. पण त्यातली विक्रांत युद्धात अशी दिसतच नव्हती.

गंमत म्हणजे ही चूक मुंबई-ठाण्याच्या माणसाकडूनच जास्त होणार. कारण आपल्याकडच्या घराघरांतल्या अल्बममध्ये जे फोटो आहेत ते बहुतेक त्या संग्रहालयाच्या वर्षांतले. त्यात भर म्हणून 2 सप्टेंबर 2022ला कोचीत दाखल झालेली नवी विक्रांत. नाव तेच, नंबरही तोच, आर11. नेटवर शोधलंत की दोघींचे फोटो एकमेकांत मिसळून येतात. तेव्हा कटर हातात घ्यायच्या आधी एक तारीख कागदावर लिहा. आम्ही लिहिलेली तारीख 4 डिसेंबर 1971. त्या दिवशी विक्रांतवरून आठ सी हॉक कॉक्स बझारवर हल्ला करायला उडाली, संध्याकाळी चितगाव बंदरावर हल्ला झाला. एकदा तारीख ठरली की चढ असणार की नाही, डेकवर कुठली विमानं, याची उत्तरं आपोआप मिळतात. सी हॉक आणि स्की-जम्प एकाच मॉडेलवर दिसले, तर समजा की करणाऱ्याने तारीख ठरवली नव्हती.

आता आकार. विक्रांतची लांबी 213 मीटर. डोळ्यांसमोर येत नाही ना? बारा डब्यांच्या लोकलमधले दहा डबे धरा, साधारण तेवढी. (नवी विक्रांत 262 मीटर, म्हणजे अख्खी बारा डब्यांची लोकल.) 1:700 या मापात ती 30 सेंटिमीटरची होते, लांब पट्टीएवढी. 1:350ला 61 सेंटिमीटर. आम्ही जोशात 1:200 घेतलं, म्हणजे 107 सेंटिमीटर. साडेतीन फूट! वन बीएचकेमध्ये साडेतीन फुटांचं जहाज कुठे ठेवायचं हा प्रश्न आईने विचारेपर्यंत आम्हाला पडला नव्हता. शेवटी मधोमध दोन तुकडे केले. पुढचा अर्धा ठाण्यात, मागचा डोंबिवलीत. ते जोडून बघायला लोकलने जायचं तर दुपारी दोनची वेळ गाठायची. गर्दीच्या वेळी असलं काही घेऊन चढायचा विचारसुद्धा करू नका.

विक्रांतचं तयार किट दुकानात सहज मिळत नाही, त्यामुळे सगळं हाताने. तळाला एक लांब कणा आणि त्याच्यावर आडव्या फासळ्या, दोन्ही पाच मिलिमीटरच्या सनबोर्डचे. फासळ्यांवर आयव्हरी शीटच्या पट्ट्या ताणून चिकटवायच्या, वर पातळ पुट्टी, मग पॉलिश पेपर. पुट्टी आणि पॉलिश पेपर हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला शॉर्टकट नाही. आम्ही शोधला होता. फासळ्यांच्या मधल्या जागेत थर्माकोल ठासला आणि वरून स्प्रे पेंट मारला. स्प्रेमधल्या सॉल्व्हंटने थर्माकोल विरघळतो हे दहा मिनिटांत कळलं, जहाजाच्या पोटात वाटीएवढा खड्डा पडला. पावसाळ्यात करत असाल तर आणखी एक: पुठ्ठा दमट हवेत फुगतो. एका रात्रीत आमचा डेक पापडासारखा वळला होता. त्यामुळे डेकला पुठ्ठा नकोच, प्लास्टिक शीट वापरा.

डेकवर दोन गोष्टी नीट जमायला हव्यात. पहिली, तिरपी धावपट्टी. उतरणारं विमान डाव्या बाजूला तिरकं जातं, म्हणजे पुढे उभ्या असलेल्या विमानांवर आदळत नाही. दुसरी, लिफ्ट. विमानं खालच्या हँगरमधून डेकवर आणणाऱ्या दोन लिफ्ट, दोन्ही डेकच्या मध्यरेषेवर. आजच्या मोठ्या जहाजांचे फोटो बघून त्या कडेला लावाल, तर चुकाल. जहाजाचा कंट्रोल रूमचा मनोरा, ज्याला आयलंड म्हणतात, तो उजवीकडे. त्यावरच्या तारांसाठी जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार कामाला येते आणि डेकच्या कडेच्या जाळ्यांसाठी फाटकी मच्छरदाणी.

विमानं करायला मात्र मजा येते. या मापात सी हॉक जेमतेम सहा सेंटिमीटरचं. पहिलं केलं तेव्हा जेट म्हणून शेपटीला भोक पाडलं. सी हॉकला तिथे भोक नसतंच! इंजिनाचा झोत दोन भागांत विभागून पंखांच्या मुळापाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. पार्क केलेल्या विमानांचे पंख वर घडी करून ठेवा, नाहीतर डेकवर जागा पुरणार नाही, खऱ्यावरही पुरली नसती. अलिझेला पुढे एक पंखा. सी हॉकच्या 300 नंबरच्या स्क्वाड्रनचं नाव 'व्हाइट टायगर्स', पण सहा सेंटिमीटरच्या विमानावर पांढरा वाघ काढायचा प्रयत्न माझ्या भावाने केला आणि ते मांजर झालं.

मग समुद्र. टिश्यू पेपर पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून चुरगाळून चिकटवला की लाटा छान उठतात. मी नाळेपाशी पांढऱ्या फेसाचा मोठा झोत केला होता, पिक्चरमध्ये दाखवतात तसा. काका परत आले, त्यांनी तोही खोडून काढला. 1971ला विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला भेगा गेल्या होत्या. जहाज पूर्ण वेगाने जाऊच शकत नव्हतं. विमान उडवताना वाऱ्याच्या दिशेने जोरात जावं लागतं, कारण समोरून येणारा वारा जितका जास्त तितकं उडणं सोपं. म्हणजे अधू जहाजावरून, कमी वेगात, त्या लोकांनी ही सगळी उड्डाणं केली. मी फेस खरवडून काढला आणि दोन बारीक रेघा ठेवल्या. हे मॉडेल बघणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात येणार नाही. तरी मला पूर्ण जहाजात तीच जागा सगळ्यात आवडते.

एवढं सगळं फोटोंवरून का करायचं, जाऊन मोजता येत नाही का? नाही येत. मॅजेस्टिक वर्गातली सहा जहाजं ब्रिटनने बांधायला घेतली होती. त्यातली काही ऑस्ट्रेलियाकडे गेली, काही कॅनडाकडे, एक पूर्णच झालं नाही आणि एक आपल्याकडे आलं. आज एकही शिल्लक नाही. शेवटपर्यंत टिकलेली आपली विक्रांत होती, तीही मुंबईत, ठाण्याहून दीड तासावर. सुरक्षित राहिली नाही म्हणून 2012मध्ये संग्रहालय बंद झालं. देखभालीचा खर्च झेपत नाही असं सरकारचं म्हणणं होतं. भंगारात काढू नये म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, ऑगस्ट 2014मध्ये सुप्रीम कोर्टातही ते संपलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दारूखान्याला तिची तोडणी सुरू झाली. 60 कोटींना गेली. आपण तेव्हा शाळेत होतो. तिच्या लोखंडाचा अंश असलेली बजाज व्ही बाइक 2016मध्ये रस्त्यावर आली, अजूनही एखादी दिसते. त्याच वर्षी जानेवारीत तिच्याच धातूचं एक स्मारक मुंबईत नौदल गोदीपाशी उभं राहिलं.

खर्चाचं कारण खोटं नसेल. 213 मीटरचं लोखंड खाऱ्या पाण्यात जपणं सोपं नाही. पण कल्याणला जाऊन दुर्गाडीच्या खाडीकाठी नौदलाची निवृत्त टी-80 बघा. तीही लढाऊ नौका, फक्त सुमारे 25 मीटरची. विक्रांतच्या डेकवर आडवी ठेवली असती तरी मावली असती. शिवाजी महाराजांच्या आरमाराशी नातं सांगणाऱ्या जागी एक नौका जपायचं ठरलं आणि ते झालं. मोठी मात्र गेली. मला याचा राग आहे, आणि तो मॉडेल करताना वाढला. कारण प्रत्येक माप अडलं की वाटतं, हे 2012पर्यंत टेप लावून मोजता आलं असतं.

विमानं मात्र मोजता येतात. गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोला नौदलाच्या हवाई दलाचं संग्रहालय आहे, तिथे सी हॉक आणि अलिझे खरीखुरी उभी आहेत. गोव्याला गेलात तर बीचमधून एक सकाळ काढा, पंखांची घडी जवळून बघा, फोटो काढून आणा. आणि घरी आजोबा-आजीचा जुना अल्बम असेल तर तोही उघडा. 1960 किंवा 70च्या दशकात कुणी नौदल सप्ताहात विक्रांतवर गेलं असेल आणि मागे सपाट नाळ दिसत असेल, तर तो फोटो स्कॅन करून ठेवा. ताईच्या फोटोसारखे बरेच मिळतील, त्याच्या आधीचे कमी.

आमचा स्की-जम्प आम्ही शेवटी कापला. पाचव्यांदा जमलेला, त्यामुळे कापताना जीवावर आलं. नवी सपाट नाळ डोंबिवलीत तयार आहे, वाळतेय. पुढचा अर्धा ठाण्यात माझ्या कपाटावर आडवा पडलाय. रविवारी दुपारी दोनच्या लोकलने घेऊन जाणार आहे. कापलेला चढ फेकलेला नाही. 1990ची विक्रांत कधी करायला घेतली तर लागेल.